फ्लिंडर्स रेंजेस गाडीने: तयारीपासून परतीपर्यंत, योग्य क्रमाने

फ्लिंडर्सला जायचं ठरलं की बहुतेक घरांत आधी विल्पेनाची, म्हणजे तिथल्या मुख्य मुक्कामाची, खोली बुक होते, मग मिळेल ती स्वस्त गाडी, आणि रस्ता कसा आहे याची चौकशी निघायच्या आदल्या रात्री. क्रम नेमका उलटा हवा. आधी महिना, मग रस्ता, रस्त्यानुसार गाडी आणि शेवटी खोली. क्रम चुकला की पुढे प्रत्येक ठिकाणी घाई होते. फ्लिंडर्समध्ये घाई म्हणजे अंधारात कांगारू किंवा खडीवर कापलेला टायर.

हा लेख दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या या डोंगररांगेत पहिल्यांदाच स्वतः गाडी घेऊन जाणाऱ्यांसाठी आहे: ॲडलेडला राहणाऱ्यांसाठी, मेलबर्न-सिडनीहून येणाऱ्यांसाठी, आणि मुलांकडे आलेल्या आईवडिलांना घेऊन निघणाऱ्यांसाठीही. गाडी आपल्यासारखीच डावीकडून चालवायची असते, त्यामुळे हात लगेच बसतो. तेवढ्यावरून इथला रस्ता आपल्याला कळला असं समजू नका.

१. आधी महिना ठरवा

एप्रिलअखेर ते सप्टेंबर हा काळ धरा. डिसेंबर ते फेब्रुवारीत पारा चाळिशी सहज ओलांडतो. त्या उन्हात पायवाटा चालणं धोक्याचं, आणि बंद पडलेल्या गाडीशेजारी मदतीची वाट पाहणं त्याहून धोक्याचं. नाताळच्या सुट्टीत मुलं मोकळी असतात म्हणून हाच बेत आखला जातो. तो बदला आणि जुलैची शाळेची सुट्टी घ्या. गर्दी असते, पण हवा चांगली असते.

हिवाळ्यातली अडचण वेगळी. दिवसा स्वेटर पुरतो, पण रात्री पारा शून्याजवळ जातो. तंबूत राहणार असाल तर पातळ ब्लँकेटवर भागत नाही; थंडीच्या स्लीपिंग बॅगा आणि खाली अंथरायला जाड मॅट हवीच. शिवाय जूनमध्ये सव्वापाचच्या सुमारास सूर्य मावळतो. या वेळेवर पुढचं सगळं वेळापत्रक अवलंबून आहे, म्हणून ती आत्ताच लिहून ठेवा.

२. डांबरी की कच्चा, हे गाडीच्या आधी ठरवा

इथेच सर्वांत जास्त लोक चुकतात. नकाशावर सगळे रस्ते एकाच रंगाचे दिसतात. प्रत्यक्षात तीन वेगळे प्रवास आहेत.

पहिला, संपूर्ण डांबरी. ॲडलेडहून मेलरोज, विल्मिंग्टन, क्वॉर्न, हॉकर, विल्पेना आणि पुढे ब्लिनमनपर्यंत साधी सेडान आरामात जाते. ॲडलेड ते विल्पेना सुमारे ४३० किलोमीटर, तिथून ब्लिनमन आणखी साठेक. आईवडील किंवा लहान मुलं बरोबर असतील आणि पहिलीच खेप असेल तर हाच प्रवास करा. यात काही कमी पडत नाही. हक्स आणि स्टोक्स हिल हे दोन्ही लुकआउट या वाटेवर आहेत, आणि विल्पेना पाउंड या डोंगरांनी वेढलेल्या खोलगट भागाच्या पायवाटा तर मुक्कामापासूनच सुरू होतात.

दुसरा, डांबरी अधिक थोडा कच्चा. बनीरू दरी आणि ब्राकाइना घळ, किंवा ब्लिनमनहून पॅराचिल्ना घळीतून खाली पॅराचिल्नापर्यंतचा तीसेक किलोमीटरचा रस्ता. बनीरूचा रस्ता काही ठिकाणी ओढ्याच्या पात्रातूनच जातो. कोरड्या दिवसांत जमिनीपासून बऱ्यापैकी उंच असलेली एसयूव्ही पुरते. पाऊस झाला की हा भाग यादीतून सरळ काढून टाका.

तिसरा, 'आर्कारूला' नावाच्या उत्तरेकडच्या ठिकाणाचा. लीघ क्रीकजवळच्या कॉपलीपासून सुमारे १३० किलोमीटर कच्चा, खडीचा रस्ता. पहिल्या खेपेला तो ठेवू नका. एरवी जायचं तर फोर-व्हील ड्राइव्ह, पूर्ण आकाराची स्टेपनी आणि कच्च्या रस्त्याचा आधीचा सराव हवा.

*तपासा:* नकाशाचं ॲप 'जवळचा रस्ता' म्हणून मेंढ्यांच्या खासगी कुरणांतून जाणारी वाट दाखवतं. प्रत्येक टप्प्याचा मार्ग आधी डोळ्यांनी पाहून घ्या आणि नकाशा फोनमध्ये ऑफलाइन उतरवून ठेवा. छापील नकाशाही गाडीत असू द्या.

३. गाडी आणि कागदपत्रं

भाड्याची गाडी घेणार असाल तर करारातल्या चार गोष्टी बोट ठेवून वाचा. कच्च्या रस्त्यावर गाडी नेता येते का? टायर, काच आणि गाडीचा खालचा भाग विम्यात येतो का? प्राणी आडवा येऊन झालेलं नुकसान कोण भरणार? गावाबाहेर रात्री चालवायला बंदी आहे का? बऱ्याच करारांत साध्या गाडीला कच्चा रस्ता वर्ज्य असतो, आणि तिथे काही झालं तर जास्तीचे पैसे मोजून घेतलेला विमाही लागू होत नाही. काउंटरवरच्या माणसाने 'चालेल' म्हटलं एवढ्यावर जाऊ नका, लेखी घ्या.

मग डिकी उघडा. बॅगा भरायच्या आधी स्टेपनी प्रत्यक्ष पाहा. कित्येक नव्या गाड्यांत पूर्ण चाक नसतं. एक तर ताशी ८० किलोमीटरच्या वर न चालवायचं बारीक चाक असतं, नाहीतर नुसती पंक्चर बुजवायच्या फेसाची बाटली आणि छोटा पंप. दगडाने टायरची बाजू चिरली तर त्या फेसाचा काही उपयोग नाही. स्टेपनीतली हवा मोजा. जॅक आणि पाना जागेवर आहेत का पाहा. नटांना कुलूप असेल तर त्याची चावी कुठे आहे ते विचारा. आणि घरासमोर एकदा चाक काढून परत बसवा. हे काम ऐकायला कंटाळवाणं वाटतं, पण करायला अर्धा तासही लागत नाही.

लायसन्स इंग्रजीत असेल तर पर्यटकाला त्यावर गाडी चालवता येते. जुनं, मराठीत भरलेलं पुस्तक असेल तर भारतातूनच आरटीओमधून इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट काढून आणा. पर्मनंट रेसिडेन्सी मिळालेल्यांना परदेशी लायसन्स फार काळ वापरता येत नाही. ते वेळेत बदलून घ्या.

*सावधान:* सात वर्षांखालच्या मुलाला मांडीवर घेऊन बसणं बेकायदा आहे. वयाप्रमाणे बेबी सीट किंवा बूस्टर लागतो, आणि तो ऑस्ट्रेलियन मानकाचाच हवा. भारतातून आणलेली सीट चालत नाही.

४. मुक्काम: दिवसाला किती अंतर?

आता खोल्या. मुंबई-गोवा एका दमात करणाऱ्याला विल्पेनाचे साडेचारशे किलोमीटर काहीच वाटत नाहीत. ते पाच तासांत होतातही, पण न थांबता. चहा, जेवण, मुलांचं आणि फोटोचं थांबणं धरलं की हिवाळ्यात शेवटचा तास अंधारात जातो, आणि नेमका तो तास जनावरांचा असतो.

म्हणून पहिली रात्र क्वॉर्नला किंवा मेलरोजला काढा. दोन्ही गावं डोंगराला लागून आहेत, आणि दोन्हीकडे मोटेल, पब आणि कॅराव्हॅन पार्क आहेत. दुसऱ्या दिवशी क्वॉर्नहून हॉकर फक्त ६५ किलोमीटर आणि हॉकरहून विल्पेना पन्नासेक. दुपारच्या जेवणाआधी पोहोचता आणि हातात अख्खा दुपारचा वेळ राहतो. विल्पेनाला किंवा जवळच्या रॉन्सली पार्कला किमान दोन रात्री ठेवा, जमल्यास तीन.

इकारा-फ्लिंडर्स रेंजेस राष्ट्रीय उद्यानात गाडीमागे प्रवेशशुल्क आहे. आतल्या तंबूच्या जागा ऑनलाइन बुक कराव्या लागतात. तिथे गेल्यावर बघू म्हणाल तर बऱ्याच जागी फोनला रेंजच नसते.

५. सामान

पाणी सगळ्यात आधी. माणशी रोज किमान पाच लिटर, आणि त्यावर एका दिवसाचं जादा. छोट्या गावांतलं नळाचं पाणी अनेकदा जमिनीतून उपसलेलं, जड आणि खारट असतं. हात धुवायला ठीक, चहाला नाही. सगळं पाणी एकाच मोठ्या कॅनमध्ये भरू नका. तो फुटला तर सगळंच जातं.

खाणं घरून नेणं शहाणपणाचं आहे, विशेषतः शाकाहारी मंडळींनी. दशम्या, धपाटे, चटणी, भडंग, गूळपोळ्या यांवर दोन दिवस निघतात. पुढे गॅसच्या शेगडीवर मुगाची खिचडी किंवा मेतकूट-भात. गॅसचे डबे मोजून न्या, आणि थंडीत ब्युटेनची आच मंदावते हे लक्षात घेऊन एखादा जास्तीचा ठेवा. भाजी, दूध, ब्रेड पोर्ट ऑगस्टामध्ये घ्या. मोठी सुपरमार्केट तिथेच संपतात. मेलरोज-विल्मिंग्टनच्या वाटेने जाणार असाल तर पोर्ट ऑगस्टा लागत नाही, मग ॲडलेडहूनच भरून निघा.

*सावधान, मेलबर्न-सिडनीवाल्यांनो:* दुसऱ्या राज्यातून दक्षिण ऑस्ट्रेलियात फळं आणि बऱ्याच भाज्या आणता येत नाहीत. फळमाशीमुळे हा नियम आहे. यांबा आणि ऊड्ला विर्राच्या नाक्यांवर गाडी तपासतात. टोमॅटो आणि हिरव्या मिरच्याही यात येतात. डब्यात विसरलेल्या मिरच्यांनाही दंड होतो. शिजवलेलं घेऊन या, कच्चं नाक्यापलीकडे विकत घ्या.

बाकीची यादी छोटी आहे: टायरमधली हवा मोजायचं मीटर, बारा व्होल्टचा पंप, जॅकखाली ठेवायला जाडसर फळी, टॉर्च, प्रथमोपचाराची पेटी, रोजच्या औषधांचा चार दिवस जादा साठा, टोप्या, आणि इथल्या वसंतात (सप्टेंबरपासून) जाणार असाल तर चेहऱ्यावर घ्यायची माश्यांची जाळी. आईवडिलांची बीपी-मधुमेहाची औषधं हातातल्या बॅगेत ठेवा. डिकीत उन्हाने तापतात, रात्री गारठतात.

६. पेट्रोल आणि फोन

पेट्रोल पोर्ट ऑगस्टा, क्वॉर्न, हॉकर, विल्पेना आणि लीघ क्रीकला मिळतं. ब्लिनमन आणि पॅराचिल्नाला मिळेल असं धरूच नका. नियम साधा ठेवा: पंप दिसला आणि टाकी पाऊण भरलेली नसेल तर भरायची. संध्याकाळी पंप बंद होतात, म्हणून पेट्रोलचं काम दुपारीच उरका. खडीवर आणि एसी लावून गाडी नेहमीपेक्षा जास्त पिते. शहरातल्या ॲव्हरेजवर हिशेब मांडू नका. आणि पाइप हातात घेण्याआधी झाकणावरचं वाचा: डिझेल की पेट्रोल. भाड्याच्या गाडीत ही गफलत सर्रास होते आणि इंजिन उघडावं लागतं.

फोनला टेल्स्ट्रा नेटवर्कची व्याप्ती त्यातल्या त्यात चांगली, तीही मुख्यतः गावापुरती. दोन गावांच्या मध्ये रेंज नाही असंच समजा. कच्च्या रस्त्यावर जाणार असाल तर उपग्रहावरून हाक देणारा पर्सनल लोकेटर बीकन बरोबर घ्या. तो भाड्यानेही मिळतो. बटण कसं दाबायचं ते गाडीतल्या प्रत्येक मोठ्या माणसाला दाखवून ठेवा.

रोजचा मार्ग आणि पोहोचायची वेळ घरी कोणाला तरी लिहून पाठवा. 'अमुक वाजेपर्यंत मेसेज आला नाही तर अमुक ठिकाणी फोन कर' एवढं स्पष्ट असू द्या. नुसतं 'फ्लिंडर्सला चाललोय' सांगून शोध घेणाऱ्यांना काहीच कळत नाही.

७. निघायच्या सकाळी

दक्षिण ऑस्ट्रेलियाचं वाहतूक खातं दुर्गम रस्त्यांच्या स्थितीचा अहवाल ऑनलाइन देतं: कोणता रस्ता खुला, कोणता फक्त फोर-व्हीलला, कोणता बंद. तो आदल्या रात्री नाही, त्याच सकाळी पाहा. बंद रस्त्यावर गाडी घालणं गुन्हा आहे आणि दंड मोठा आहे. ओल्या मातीत उठवलेले चाकांचे चर पुढे कित्येक आठवडे तिथल्या लोकांना सोसावे लागतात, हेही ध्यानात असू द्या.

*तपासा:* टाकी, पाणी, चारही टायर आणि स्टेपनी, काच पुसायचं पाणी, रस्त्याचा अहवाल, घरी पाठवलेला मेसेज. यातलं एक जरी राहिलं असेल तरी गाडी सुरू करू नका.

८. डांबरी रस्त्यावर

शहराबाहेर पाटी नसेल तर मर्यादा ताशी १०० किलोमीटर, जिथे पाटी आहे तिथे ११०. गावात शिरताना ती ५० वर येते. वेग पाटीच्या आधी कमी करा. फोन हातात धरायचा नाही, मागच्या सीटवरच्यांनीही पट्टा लावायचा.

उत्तरेच्या हमरस्त्यांवर रोड ट्रेन असतात: एका ट्रकला दोन-तीन ट्रेलर, लांबी ५३ मीटरपर्यंत. ओव्हरटेक करायला समोर किलोमीटरभर तरी मोकळा, सरळ रस्ता दिसला पाहिजे. दिसत नसेल तर मागे राहा. समोरून रोड ट्रेन आली की डावीकडे सरका आणि स्टिअरिंग दोन्ही हातांनी धरा. ती जाताना वाऱ्याचा झोत गाडी हलवतो.

पहाटे आणि तिन्हीसांजेला कांगारू, एमू, रानबकऱ्या रस्त्यावर येतात. सूर्यास्ताच्या तासभर आधी मुक्कामी पोहोचायचं, हा नियम मोडू नका. प्राणी आडवा आलाच तर सरळ रेषेत ब्रेक दाबा आणि चाक वळवू नका. कांगारूला वाचवायला गाडी वळवणारे झाडावर आदळतात किंवा उलटतात. एमू रस्ता ओलांडून गेला तरी लगेच वेग घेऊ नका. तो परत फिरतो, आणि मागे आणखी असतात. मेलेल्या जनावरावर बसलेले मोठे गरुडही जड असतात, त्यांना उडायला वेळ लागतो. हॉर्न देऊन हळू व्हा.

९. कच्च्या रस्त्यावर

डांबर संपतं तिथे थांबा. टायरमधली हवा कमी करा. दारावरच्या स्टिकरवर ३६ पीएसआय लिहिलं असेल तर २८ च्या आसपास. त्याने पकड वाढते, धक्के कमी बसतात, आणि फ्लिंडर्सच्या धारदार पाटीदगडावर टायर चिरण्याचा धोका घटतो. हवा कमी केली की वेगही कमीच ठेवायचा. डांबरावर परतलात की आधी पंप काढून हवा भरा. मऊ टायरवर ११०चा वेग घेतला तर टायर तापून फुटतो.

वेग ६० च्या आसपास ठेवा, वळणावर आणखी कमी. वेग वळणाच्या आधी सरळ भागात उतरवा, वळणात ब्रेक दाबू नका. खडीवर चाकं घसरतात आणि गाडीचा मागचा भाग बाहेर फेकला जातो. रस्त्यावर आडव्या बारीक लाटा पडलेल्या असतात. 'जोरात नेलं की धक्के कळत नाहीत' असं कोणीतरी सांगतंच. ते ऐकू नका: त्या वेगात चाकं जमिनीवर कमी आणि हवेत जास्त असतात.

समोरून गाडी आली तर हळू व्हा आणि डावीकडे घ्या, म्हणजे उडालेल्या दगडाने काच फुटत नाही. धुळीत पुढचं काही दिसेनासं झालं तर धूळ बसेपर्यंत थांबा. त्या धुळीत ओव्हरटेक कधीच नाही. दिवे दिवसाही लावा. कुरणांची फाटकं लागली तर जशी दिसली तशीच ठेवा: उघडी असली तर उघडी, बंद असली तर बंद.

ओढे हा शेवटचा मुद्दा, पण दुर्लक्ष करण्यासारखा नाही. रस्ता एकाएकी खाली उतरतो आणि पात्रातून जातो. कोरडा असला तरी उताराआधी वेग उतरवा. पलीकडच्या चढावर बंपर आपटतो. पाणी वाहत असेल तर उतरू नका. डोक्यावर आकाश निरभ्र असलं तरी वर डोंगरात पाऊस झालेला असू शकतो. मागे फिरा, किंवा उंचावर गाडी लावून पाणी ओसरायची वाट पाहा. आणि या पात्रात, मोठ्या गम (निलगिरी) झाडांच्या सावलीत, तंबू ठोकू नका. पाणी येतं, आणि गमच्या जाड फांद्या वारा नसतानाही मोडून पडतात.

१०. छोट्या गावांत

शनिवारी दुपारनंतर बरीच दुकानं बंद होतात, ती थेट सोमवारी उघडतात. पबचं स्वयंपाकघर संध्याकाळी दोनेक तासच चालू असतं. साडेआठला गेलात तर चिप्सच्या पाकिटावर झोपावं लागेल. शाकाहारी असाल तर दुपारीच फोन करून सांगा. छोट्या स्वयंपाकघरात आयत्या वेळी काही करता येत नाही, पण आधी सांगितलं तर बहुतेक जण आपुलकीने करून देतात. क्वॉर्नहून सुटणारी पिची रिची वाफेची गाडी बघायची असेल तर तिच्या तारखा आधी पाहा. ती रोज नसते, आणि उन्हाळ्यात धावत नाही.

ही भूमी आद्न्यामथान्हा या इथल्या मूळ रहिवाशांची आहे. सेंट मेरी पीकच्या शिखरावर चढू नये अशी त्यांची विनंती आहे. खिंडीपर्यंत जा आणि तिथून परत फिरा, किंवा तीनेक तासांत होणारी वांगारा लुकआउटची वाट घ्या. विल्पेनाजवळच्या आर्कारू रॉकची (वरचं आर्कारूला वेगळं) चित्रं बघावी, हात लावू नये. दगड किंवा जीवाश्म उचलून आणणं बेकायदा आहे. मुलांना हे गाडीतून उतरायच्या आधी सांगा.

११. अडकलात तर

गाडी सोडू नका. शोधणाऱ्यांना वरून गाडी दिसते, चालणारा माणूस दिसत नाही. बॉनेट उघडून ठेवा, सावलीत बसा, पाणी थोडं थोडं सगळ्यांना द्या. रेंज असेल तर ००० हा आपत्कालीन नंबर लावा. जिवाला धोका असेल तर बीकन दाबा. नुसत्या पंक्चरला नाही.

पंक्चर असेल तर सपाट, कडक जागा शोधा आणि सगळ्यांना उतरवा. नट गाडी उचलायच्या आधी ढिले करायचे. जॅक खडीत रुततो, म्हणून त्याखाली फळी. चाक बसवल्यावर वीसेक किलोमीटरने थांबून नट पुन्हा आवळा. आणि त्या क्षणापासून तुमच्याकडे स्टेपनी नाही हे धरून चला: पुढचा कच्चा भाग रद्द, जवळच्या गावात टायर दुरुस्त.

१२. परतीच्या दिवशी

दमलेला ड्रायव्हर याच दिवशी चुका करतो. विल्पेनाहून सकाळी आठच्या सुमारास निघा, त्याआधी नको. पहाटेची जनावरं रस्त्यावरून जाऊ द्या. दर दोन तासांनी थांबा आणि जमल्यास चालवणारा बदला. पोर्ट ऑगस्टाहून खाली हमरस्त्यावर ट्रकांची गर्दी असते, म्हणून वेळ असेल तर विल्मिंग्टन-मेलरोजची वाट बरी.

भाड्याची गाडी परत देण्याआधी चाकांच्या कमानींतली आणि गाडीखालची लाल माती धुऊन काढा, काचेवरचे टवके आणि टायरच्या बाजू पाहा, उजेडात चारही बाजूंचे फोटो काढा, आणि गाडी ताब्यात देताना त्यांच्या माणसाकडून पाहणीच्या कागदावर सही घ्या.